दोन टेबलं

राजूर घाट उतरून सकाळच्या पहिल्या गाड्या मोताळ्यात शिरतात, तोवर दवाखान्याच्या व्हरांड्यातला बाक भरत आलेला असतो. खेड्यावरची माणसं लवकर निघतात. नंबर लावायचा, औषध घ्यायचं आणि ऊन चढायच्या आत शेत गाठायचं. कपाशीवर फवारणीचे दिवस असले, तर अर्धा दिवस मोडणंही जड जातं.

आईला घेऊन मी अशा बाकावर पुष्कळदा बसलो आहे. आत दोन टेबलं, दोन डॉक्टर. एका टेबलापुढची रांग झरझर सरकते. पापणी खाली ओढून बघितली, पोट दाबलं, चार शब्द विचारले, चिठ्ठी दिली. ‘त्याईच्या हाताले गुण हाये,’ असं बाकावर कुणीतरी म्हणतंच. दुसऱ्या टेबलापुढे बसलेला माणूस मात्र लवकर उठत नाही. तिथले डॉक्टर विचारतात, झोप लागते का, मागच्या गोळ्या पुऱ्या घेतल्या का, घरी सोबतीला कोण असतं. आईचा जीव या दुसऱ्यांवर. माझाही होता. पहिल्यांना मी मनातल्या मनात घाईचे डॉक्टर ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी बसल्या बसल्या हिशेब मांडला. समजा चार तासांत १२० माणसं आली. दोघांनी सारखी वाटून घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात. एकाने माणशी दहा मिनिटं दिली, तर त्याच्याकडून २४ जण तपासून होतात. उरलेले ९६ कुठे जाणार? शेजारच्या टेबलाकडेच. त्या डॉक्टरांना माणशी अडीच मिनिटं उरतात, आणि कुणालाही घरी परत पाठवता येत नाही. ज्या निवांतपणाचं मी इतके दिवस कौतुक करत होतो, त्याची किंमत पलीकडच्या टेबलावरचा माणूस रोज चुकवत होता. हे लक्षात आलं त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

पण हिशेब तिथे संपत नाही. डोकं दुखतं म्हणून आठवड्यात तीनदा येऊन गोळी घेऊन गेलेली बाई चौथ्या खेपेला दुसऱ्या टेबलापुढे बसते, दहा मिनिटं बोलते, आणि मग महिनाभर येत नाही. तिने न लावलेले नंबर कुणाच्याच वहीत दिसत नाहीत. त्या सावकाश डॉक्टरांनीही शेजाऱ्याचं ओझं उचललेलं असतं.

भोर समितीने १९४६ साली प्राथमिक आरोग्य केंद्राचा आराखडा मांडला, तेव्हा चाळीस हजार वस्तीमागे दोन डॉक्टर धरले होते. दोघं असावेत हे तेव्हाच उमजलं होतं. दोघांनी काम कसं वाटावं, हे मात्र त्यांचं त्यांनाच ठरवावं लागतं. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी उभं आयुष्य रुग्णसेवेत घातलं. दोघांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. पण ती एका घरातली माणसं. बदलीवर आलेल्या, वेगळ्या कॉलेजात शिकलेल्या, वेगळ्या स्वभावाच्या दोघांनी काय करावं? आणि काम बाह्यरुग्ण विभागापुरतं थोडंच असतं! रात्रीचं बाळंतपण, विषबाधेचा रुग्ण, शवविच्छेदन, जिल्ह्याची बैठक, दर महिन्याच्या ९ तारखेची गरोदर बायांची तपासणी. यातलं कुणाच्या अंगावर किती पडतं, ते बाकावरच्या माणसाला दिसत नाही.

डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतात, याचा ६७ देशांतला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. जगाच्या जवळपास निम्म्या लोकसंख्येला पाच मिनिटं किंवा त्याहूनही कमी. या आकड्यांत स्वभावाचा वाटा थोडा आणि रांगेच्या लांबीचा फार, असं मला वाटतं. म्हणून दोघांतला चांगला कोण, हे विचारणं मी सोडून दिलं आहे. ज्या दिवशी दोघं आपसात बोलून काम वाटतात, त्या दिवशी काय होतं, एवढंच बघतो.

तसा एक दिवस बघायला मिळाला. पहिल्या टेबलापुढे एक शेतकरी बसला होता. अंग दुखतं म्हणाला, ताकदीची सुई मागितली. डॉक्टरांनी नाडी धरली, चेहऱ्याकडे पाहिलं, आणि रांग तेवढीच लांब असताना पेन खाली ठेवलं. केसपेपरवर दोन शब्द लिहून तो त्यांनी शेजारच्या टेबलावर सरकवला: ‘यांच्याशी बोला.’ शेजारच्यांनी तो वाचला, मान हलवली आणि आपल्यापुढच्या तापाच्या सहा जणांना हाताने खूण केली. ते सहाही जण उठून पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले. शेतकऱ्यासाठी खुर्ची जवळ ओढली गेली.