रंधा आणि लाल शाई

सेवानिवृत्त शिक्षकाला वेळ भरपूर असतो, अशी घरच्या मंडळींची समजूत असते. तिच्यामुळेच गेल्या हिवाळ्यात तळघर आवरण्याचे काम आमच्याकडे आले. न्यू जर्सीतील आमच्या घराच्या तळघरात आमची मराठी पुस्तके कित्येक वर्षे खोक्यांत पडून होती. एक खोके उघडले, तर तळाच्या पुस्तकांना बुरशी लागलेली. मनाला फार लागले. पुस्तके वर आणायची आणि त्यांच्यासाठी लाकडाची साधी मांडणी आपल्या हातांनी करायची, असे आम्ही त्याच दिवशी ठरवले.

तयार मांडणी विकत मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे नातवाने विचारले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दाबलेल्या भुशाच्या फळ्यांची मांडणी आमच्या हत्यारांच्या खर्चाहून कमी पैशात घरपोच आली असती. त्याला द्यायला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे उत्तर मिळाले, पण ते आम्हाला अपेक्षित असलेले नव्हते.

आम्ही आधी वहीत आकृती काढली. गणित आम्ही अनेक वर्षे शिकवलेले, तेव्हा काळजी कसली? मांडणीची रुंदी बत्तीस इंच. दोन्ही बाजूंच्या फळ्या एकेक इंच जाडीच्या, म्हणून आतल्या फळ्या तीस इंचांच्या. वखारीत जाऊन पाइनच्या "एक बाय दहा" फळ्या आणल्या, तीस इंचांवर करवतीने कापल्या, आणि जागेवर लावून पाहतो तर सगळ्या अर्धा इंच आखूड! अमेरिकेत एक इंची म्हणून विकली जाणारी फळी प्रत्यक्षात पाऊण इंच असते आणि दहा इंचांची रुंदी सव्वानऊ भरते. ओले लाकूड वाळून आकसते, मग रंध्याखाली आणखी झिजते. नाव मात्र जुन्या मापाचेच राहते. वखारीतल्या पोऱ्यालाही हे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त आम्हाला.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांनी जन्मभर घरांचे सुतारकाम केले. ते कुंपणापलीकडून पाहत होते. ते आत आले, फळ्या हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाले, "काही बिघडलेले नाही. वरची फळी अर्धा इंच कापा, म्हणजे मांडणी साडेएकतीस इंचांची होईल. यापुढे आकड्यावर भरवसा ठेवू नका. फळी जागेवर धरा आणि तिथेच खूण करा." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. गुण्या कसा धरावा, करवत दाबायची नाही, तिला तिच्या वजनाने कशी चालू द्यावी, हे त्यांनी दोनदा करून दाखवले आणि ते निघून गेले.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा एक विद्यार्थी आठवत राहिला.

मुंबईत आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो. आमच्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. व्याकरणात तो अगदी कच्चा. त्याच्या वहीवर आमची लाल शाई त्याच्या निळ्या शाईपेक्षा जास्त असे. एकदा त्याने खोक्याच्या फळ्यांतून खडू आणि डस्टर ठेवायची एक पेटी करून आणली. कोपरे बरोबर जुळलेले, झाकण न अडखळता सरकणारे. आम्ही ती टेबलावर ठेवून घेतली आणि सर्व वर्गासमोर म्हणालो, "ठीक आहे, संधी-समास नाही आले तरी रंधा मारून पोट भरशील." वर्ग हसला. तोही हसला. दुसऱ्या वर्षी त्याने शाळा सोडली. का सोडली हे आम्ही विचारले नाही. ती पेटी मात्र आम्ही अनेक वर्षे वापरली.

आता आमचा प्रश्न असा आहे. जे काम आपण कधी केले नाही, त्याला वरचे किंवा खालचे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्या पेटीचे कोपरे जुळवायला किती अक्कल लागली असेल, हे आम्हाला अर्ध्या इंचाच्या चुकीनंतर कळले.

आमचा अपराध आणखी मोठा आहे, कारण आम्हाला अज्ञानाची सबब नाही. आपले पूर्वज कोकणात घाणा चालवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. मुंबईत आल्यावर त्यांच्यातले पुष्कळजण सुतार आणि गवंडी झाले. बापाने मुलाला एखादे कसब शिकवावे, हे तलमूदने बापाच्या कर्तव्यांत गणले आहे. वर्धा येथे १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम पुढे आली. हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे, हे तिचे सूत्र. त्यावर आम्ही बी. एड. च्या परीक्षेत चार पाने उत्तर लिहून चांगले गुण मिळवले होते. हातात पटाशी कधी धरली नव्हती.

कोणी म्हणेल, "मास्तर, ज्यांच्या हाताला घट्टे पडले, त्याच आजोबांनी मुलांना शाळेत घातले ना? आपल्या मुलाने करवत धरू नये, असे त्यांनाच वाटत होते." हे अगदी खरे आहे. गरिबीत केलेल्या कष्टांचे पोवाडे गाणे सोपे असते, ते करणाऱ्याला विचारावे. पण मुलाच्या वाट्याला आपले हाल येऊ नयेत असे वाटणे निराळे, आणि त्या कामाची लाज वाटणे निराळे. आजोबांना हाल नको होते. कामाची लाज आपण मागाहून आपल्या पदरची घातली.

याच्या उलट टोकाची चूकही टाळायला हवी. हाताने काम करणारा तेवढाच पवित्र, असे म्हणणारे या देशात पुष्कळ भेटतात आणि थोरोचा दाखला देतात. मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्डजवळ वॉल्डन तळ्याकाठी थोरोने १८४५ साली आपली झोपडी बांधली. तिचा खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट आला, असा हिशेब त्याने स्वतःच दिला आहे. परंतु जमीन इमर्सनची होती, कुऱ्हाड उसनी आणलेली होती, फळ्या एका आयरिश मजुराची खोपट विकत घेऊन काढल्या होत्या, आणि सांगाडा उभा करायला मित्र आले होते. हे थोरोनेही लपवलेले नाही. एकट्याच्या हातांनी काहीच होत नाही. आमच्या मांडणीतही शेजाऱ्यांचा गुण्या आहे.

मग हाताच्या कामाने आम्हाला दिले काय? लाकडापुढे शब्दांचे काही चालत नाही, एवढे त्याने शिकवले. पुस्तकांचे वजन फुटाला साधारण वीस-पंचवीस पौंड भरते, म्हणजे आमच्या एका फळीवर पन्नास-साठ पौंड. फळीची लांबी दुप्पट केली आणि ती तशीच पुस्तकांनी भरली, तर तिला झोळ दुप्पट पडत नाही, सोळापट पडतो. म्हणून फळी आखूड ठेवायची, मागे पाठफळी ठोकायची म्हणजे मांडणी बाजूला कलत नाही. इथल्या भिंती आतून पोकळ असतात. त्यांतले लाकडी खांब बहुधा सोळा सोळा इंचांवर असतात. ते शोधून मांडणी त्यांनाच स्क्रूने जखडायची. हे शेजाऱ्यांच्या बोटांत होते. ते त्यांना आमच्यासारखे लिहून दाखवता आले नसते, पण म्हणून ते ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल?

मांडणी उभी राहिली आहे. खालची फळी किंचित तिरपी आहे आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. पुस्तके कोरडी आहेत. आमच्यामागे ती कोण वाचणार, हे मात्र मांडणी सांगू शकत नाही. नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही स्वतःला किती मार्क द्याल?" आम्ही म्हणालो, "मार्क देण्याचे काम आम्ही सोडले आहे." त्याला त्या मुलाची गोष्टही सांगितली. तो विचारू लागला, "तुम्ही त्याला सॉरी म्हणालात का?"

नाही म्हणालो. तो कुठे आहे हे ठाऊक नाही, आणि जिवंत माणसाचा अपराध दुसऱ्या कोणापाशी कबूल करून फिटत नाही. तेव्हा हे लिहून आम्ही सुटलो, असे आम्ही मानत नाही. वाचकांना एवढीच विनंती, की आपल्या घरातले एखादे मूल डॉक्टर-इंजिनीयर होण्याऐवजी लाकडाकडे वळले, तर काही बोलण्याआधी एक फळी स्वतः कापून पाहावी.