वजाबाकीचा आकार

गोंदियाच्या भातगिरणीत येणारा माणूस तांदूळ पाहतो. मला तिथली चाळणी पाहत बसावंसं वाटतं. पत्र्यातलं भोक गोल असेल तर दाणा रुंदीवर निवडला जातो आणि लांबट फट असेल तर जाडीवर, कारण फटीतून तो कुशीवर वळून निसटू शकतो. लांबीवर निवडायचं असेल तर हे दोन्ही पत्रे कुचकामी. तिथे आतून खळगे पाडलेला फिरता सिलिंडर लागतो. खळग्यात बसलेली कनकी वर उचलली जाते, अख्खा दाणा खाली घसरतो. धान्य एकच, पण त्याला तीन वेगळे प्रश्न विचारायचे तर रिकाम्या जागेचे तीन वेगळे आकार लागतात.

असा पत्रा आता कॅडवर काढतात. स्केच काढा, आकृती बंद करा, 'कट' द्या. आत काय घडतं? संगणक आधी भोकाच्या आकाराचा भरीव ठोकळा घडवतो, पत्र्यात रोवतो आणि मग वजा करतो. आकृतीत केसाएवढी फट राहिली, तर ठोकळा होत नाही आणि म्हणून भोकही पडत नाही. या बेरीज-वजाबाकीला १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात व्होल्कर आणि रेकिशा यांनी पक्की बैठक दिली. तिच्यामागचं बीजगणित जॉर्ज बूलचं, त्याचा मोठा ग्रंथ १८५४ चा.

मला मात्र इथे बूलपेक्षा न्यायशास्त्राचा पंडित अन्नंभट्ट जवळचा वाटतो. त्याच्या 'तर्कसंग्रहा'त पदार्थ सात, आणि सातवा अभाव. नैयायिकांचा अभाव मोघम नसतो. तो कशाचा, हे सांगावं लागतं, तो प्रतियोगी. तो कुठे, हेही सांगावं लागतं, तो अनुयोगी. कट देताना सॉफ्टवेअर नेमक्या याच दोन गोष्टी मागतं: कोणता आकार वजा करायचा आणि कशातून. नैयायिक पुढे अभावाची जातही विचारतात. प्रध्वंसाभावाला आरंभ असतो, अंत नसतो; पंचाखाली उडालेली टिकली पत्र्यात परत बसत नाही. पडद्यावर 'अनडू' आहे, वेरूळच्या कैलास लेण्यावर माथ्यापासून खाली उतरत गेलेल्या कारागिरांना ते नव्हतं. म्हणून पडद्यावर कापणाऱ्याचा हात सैल सुटतो, असं माझं मत आहे.

खरी परीक्षा पॉलिशरच्या जाळीवर होते. रोलरभोवतीची ही जाळी गोलाईत वाकलेली असते. तिच्या फटींतून कोंडा बाहेर पडावा आणि तांदूळ आत राहावा. नवशिका आधी गोलाई घडवतो आणि तिच्यातून सरळ आरपार कट देतो. मधल्या फटी ठीक येतात. कडेच्या फटींच्या भिंती मात्र तिरप्या होतात आणि फट ताणून रुंद होते. चित्र देखणं, माप खोटं. वर्कशॉपमध्ये पत्रा सपाट असतानाच पंच होतो, मग रोल होतो, त्यामुळे फटींच्या भिंती पत्र्याशी काटकोनात राहतात. मॉडेलही त्याच क्रमाने उभं करावं: सपाट पत्रा, फटी, मग वाक. काम ज्या क्रमाने होतं तो मॉडेलमध्ये नसेल, तर आकार बरोबर दिसला तरी चुकलेलाच.

शिवाय मापं बदलती ठेवावी लागतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 'पटेल ३' या वाणातून निवडलेला बारीक एचएमटी तांदूळ गिरणीत आला, की ठोकळ धानासाठीची फट चालत नाही; तुकडे कोंड्यात जातात आणि मालकाचे पैसेही. फटीची रुंदी हा एक आकडा वर नोंदवून बाकी सगळं त्यावर बांधलं असेल, तर तो बदलला की शेकडो फटी एकदम बदलतात. नाहीतर रात्र जागवावी लागते. (गोंदिया जिल्हाही १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून कापूनच काढलेला; त्या कटाची रेषा मात्र एका आकड्यावर हलत नाही.)

एक गोष्ट तरीही मॉडेलमध्ये येत नाही. पंच शिरतो त्या बाजूला भोकाची कड गुळगुळीत राहते. निघतो त्या बाजूला ते किंचित मोठं होतं आणि कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, उठते. गुळगुळीत बाजू धान्याकडे हवी, म्हणजे शिरलेला कण अडकून न राहता पुढे सुटतो. पत्रा उलटा बसला तर बर दाण्याला लागते. पडद्यावर भोक दोन्हीकडून सारखंच दिसतं. तेव्हा ड्रॉइंग छापण्याआधी त्यावर 'पंच बाजू धान्याकडे' एवढं लिहा.