स्वेच्छा, नोंद आणि मौन

चित्रपट किंवा दूरचित्रवाणी-कार्यक्रमाच्या निर्मितीत सहभागी झालेल्या व्यक्तीस तिचा वंश, लिंगभाव, वय, अपंगत्व, लैंगिक कल यांविषयी विचारावे, उत्तर देणे न देणे तिच्या इच्छेवर सोडावे, आणि जमलेल्या उत्तरांच्या बेरजेवरून ही निर्मिती किती एकारलेली आहे हे पडताळून पाहावे, ही कल्पना वरकरणी निरुपद्रवी वाटते. जे मोजले जात नाही त्याविषयी तक्रारही करता येत नाही, हा तिच्यामागील युक्तिवाद खोटा म्हणता येणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. ‘मी अमुक आहे’ हे विधान जेव्हा कथनातून उचलून रकान्यात ठेवले जाते, तेव्हा ते कोणाच्या मालकीचे होते, आणि ते करणाऱ्याला त्याच्या बदल्यात काय देणे लागते?

ब्रिटनमधील ‘डायमंड’ या योजनेच्या आधारे हा प्रश्न अधिक नेमकेपणाने मांडता येतो. क्रिएटिव्ह डायव्हर्सिटी नेटवर्क या संस्थेमार्फत बीबीसी, आयटीव्ही, चॅनेल फोर, चॅनेल फाइव्ह आणि स्काय या प्रक्षेपकांनी ती 2016 साली एकत्रितपणे सुरू केली. कार्यक्रमात काम केलेल्यांना ई-मेलद्वारा निमंत्रण जाई; प्रश्नावली ऐच्छिक होती आणि ‘सांगू इच्छित नाही’ हा पर्यायही तीत होता. गणनेचे एकक व्यक्ती नव्हे, तर ‘योगदान’ हे होते; म्हणजे एकाच संकलकाने दहा कार्यक्रम केले तर तो दहा वेळा मोजला जाणार. येथपर्यंत हे सारे कार्यालयीन तपशील आहेत. सैद्धान्तिकदृष्ट्या लक्षणीय ठरते ती या योजनेने गृहीत धरलेली एक फोड. पडद्यावर दिसणाऱ्या व्यक्तीविषयी दोन स्वतंत्र नोंदी केल्या जात. पहिली, ती व्यक्ती स्वतःविषयी काय सांगते ही. दुसरी, प्रेक्षकाला ती कोण वाटेल ही. दुसरी नोंद त्या व्यक्तीकडून नव्हे, निर्मितीसंस्थेकडून भरली जाई.

साहित्यविचारात लेखकाचे आत्मनिवेदन आणि वाचकाचे ग्रहण यांच्यातील ताण हा जुनाच विषय आहे. येथे मात्र तो ताण दोन रकान्यांत बसवून मोकळे झाल्यासारखे दिसते. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी 1988 सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मार्क्सच्या दोन जर्मन क्रियापदांचा आधार घेऊन, कुणाच्या वतीने बोलणे आणि कुणाचे चित्र उभे करणे यांतील फरक दाखवून दिला होता. मराठीत आपण पहिल्यास प्रतिनिधित्व आणि दुसऱ्यास चित्रण म्हणतो. इंग्रजीप्रमाणे एकच शब्द दोहोंसाठी वापरावा लागत नाही, ही मराठीची सोय आहे. (या सोयीचा लाभ आपल्या समीक्षेने फारसा घेतलेला नाही, हेही खरे.) पाहणाऱ्याला काय वाटते ही नोंद चित्रणाची आहे, स्वतः सांगितलेली नोंद प्रतिनिधित्वाकडे जाऊ पाहते. पडद्यामागे, म्हणजे जेथे निर्णय होतात तेथे, पाहणारा प्रेक्षक नसतो. तेथे केवळ दुसरी उरते. आणि ती मिळते की नाही, हे सर्वस्वी सांगणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून राहते.

इच्छा म्हणावी तर ती कोणत्या परिस्थितीतील? दूरचित्रवाणीच्या व्यवसायातील फार मोठा वर्ग कामापुरता नेमला जातो. पुढचे काम मिळणे हे मागच्या निर्मात्याच्या एका शब्दावर अवलंबून असते. अशा व्यक्तीने आपले न दिसणारे अपंगत्व नोंदवावे की नाही, याचा निर्णय ती मुक्तपणे घेते असे मानणे भाबडेपणाचे होईल. डायमंडच्या आरंभीच्या अहवालाच्या वेळी सुमारे एक-चतुर्थांश लोकांनीच प्रश्नावली भरली होती. उरलेल्यांच्या मौनाला संख्याशास्त्र ‘प्रतिसाद नाही’ असे म्हणते. पण मौन हीही एक कृती आहे, आणि तिचे अर्थ अनेक आहेत: भीती, कंटाळा, अविश्वास, किंवा आपण कोणत्याच रकान्यात मावत नाही याची जाणीव.

या शेवटच्या अर्थाशी मराठी वाचकाचा थेट संबंध येतो. लंडनमध्ये काम करणारी मराठी भाषक ध्वनितंत्रज्ञ अशा अर्जात वंशाच्या प्रश्नापुढे ‘भारतीय’ या चौकटीत खूण करते आणि तिची नोंद पूर्ण होते. ती दलित असेल, तर तिच्या वाट्याला आलेल्या वंचनेचा निर्णायक भाग त्या चौकटीत अदृश्य होतो. ती ब्राह्मण असेल, तर तिच्या वाट्याला आलेली सोय अदृश्य होते. दोघींची बेरीज मात्र ‘वैविध्य’ या एकाच खात्यात जमा होते. ब्रिटनच्या 2010 सालच्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचा अधिकार शासनाकडे ठेवला होता. 2013 साली संसदेने तो कर्तव्यात बदलला. 2018 साली शासनाने त्याची अंमलबजावणी न करता न्यायालयीन निर्णयांवर विसंबण्याचे ठरवले. कायद्याने ज्या कोटीला स्पष्ट नाव दिले नाही तिच्यासाठी अर्जात चौकट कोठून येणार? उलट ती चौकट आली असती तर ती कोणी भरली असती, हाही प्रश्न आहेच. आडनाव ऐकताच समोरच्याचे मोजमाप करणाऱ्या समाजातून आलेल्या माणसाला, नोंद गोपनीय राहील हे आश्वासन पुरेसे वाटेल असे नाही.

कामगार संघटना ‘बेक्टू’ने 2017 साली आपल्या सदस्यांना डायमंडवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले, ते वेगळ्या कारणाने. निष्कर्ष एकेका कार्यक्रमाच्या नावानिशी जाहीर होणार नव्हते. प्रक्षेपकांचे म्हणणे असे की, वीस जणांच्या चमूत एखादीच व्यक्ती समलिंगी असेल, तर कार्यक्रमनिहाय आकडा म्हणजे तिची ओळख उघड करणे होय. हे म्हणणे खोटे नाही. युरोपीय विदासंरक्षण नियमांत वंश, आरोग्य आणि लैंगिक कल यांस विशेष संरक्षण मिळाले ते याच भीतीपोटी. पण संघटनेचा आक्षेपही तितकाच खरा होता. या व्यवहारात कामगाराने स्वतःविषयीचे खासगी सत्य द्यावयाचे, आणि त्याला नेमणाऱ्याने मात्र बेरजेच्या मागे निनावी राहावयाचे. गोपनीयतेची जी भिंत दुबळ्याच्या रक्षणासाठी उभारली, तिच्या आडोशाला बलवानही उभा राहतो.

हा पेच गोपनीयता आणि पारदर्शकता यांच्यातील तोल म्हणून मांडला की चूक होते. तोल साधावयाचा तर दोन्ही पारड्यांत एकाच जातीची वस्तू हवी. येथे एकीकडे व्यक्तीची अस्मिता आहे, दुसरीकडे संस्थेचे वर्तन आहे. पहिलीला गुप्त राहण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला तो नाही. अर्ज भरणे हे दान मानले की घेणारा केवळ कृतज्ञ असला तरी पुरते. ती साक्ष मानली तर साक्ष ऐकणाऱ्यावर काही करण्याची जबाबदारी येते, आणि साक्ष कोणाविरुद्ध आहे हेही ठरवावे लागते. मग एकेका कार्यक्रमाऐवजी एकेका निर्मितीसंस्थेचे चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र करून तिच्या नावानिशी मांडता येतील, ज्यात व्यक्ती हरवेल पण संस्था हरवणार नाही. अगदी लहान संस्थांबाबत हेही जमणार नाही, तेथे प्रक्षेपकाने आपण कोणाला काम दिले याचा हिशेब स्वतःच्या नावावर घ्यावा लागेल. आणि ज्यांनी चौकट रिकामी ठेवली त्यांची संख्या अहवालाच्या तळटीपेत न देता पहिल्या पानावर द्यावी लागेल, प्रत्येक संस्थेची स्वतंत्रपणे. कारण कोणत्या दाराशी येऊन माणसे गप्प होतात, हे त्या संख्येतच वाचता येते.