घरीं बसलेल्याची मजुरी

साथीच्या काळांत सरकार लोकांस घरीं बसण्याचा हुकूम करतें, आणि तो सर्वांच्या जिवाच्या रक्षणासाठीं असल्यामुळें सुज्ञ मनुष्य तो पाळतो. परंतु ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्यानें हा हुकूम पाळावा तर संध्याकाळीं मुलांस काय घालावें? हुकूम सर्वांच्या हिताचा, आणि त्याची किंमत मात्र थोड्यांच्या ताटांतून वसूल व्हावी, हें न्यायाचें आहे काय? तहान लागल्यावर विहीर खणूं नये अशी आपल्यांत म्हण आहे. म्हणून साथ ओसरली असतां, मन शांत असतां, या प्रश्नाचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

रत्नागिरी जिल्ह्यास हा प्रश्न नवा नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हां गिरण्यांतील हजारों कामकरी शहर सोडून निघाले, आणि त्यांत आपल्या कोंकणचे पुष्कळ होते. पुढें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. तो अवघ्या चार कलमांचा. प्रवाशांस तपासावें, संशयितांस वेगळें ठेवावें, न ऐकणारास शिक्षा करावी, आणि सद्बुद्धीनें काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर फिर्याद चालूं नये, हें सर्व त्यांत स्पष्ट सांगितलें होतें. नुकसानभरपाईचा उल्लेख मात्र कंसांत, ‘असल्यास’ एवढ्या बोलीनें, ओझरता आला. कोरोनाच्या साथींत, १३ मार्च २०२० रोजीं, हाच कायदा महाराष्ट्रांत लागू करण्यांत आला. म्हणजे एकशें तेवीस वर्षांनंतरही हुकूम करण्याचा अधिकार हातांत तयार होता. हुकूम पाळणाऱ्याच्या भाकरीचा विचार मागाहून करावयाचा होता.

तो विचार कसा झाला हें पाहूं. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. २९ मार्चला केंद्र सरकारनें फर्माविलें कीं, मालकांनीं बंदच्या काळाचा पगार कापूं नये, व घरमालकांनीं मजुरांकडे एका महिन्याचें भाडें मागूं नये. हेतु चांगला होता. पण ज्या खानावळवाल्याची चूल त्याच बंदमुळें विझली, त्यानें आपल्या दोन नोकरांचा पगार कोठून द्यावा? १८ मेपासून तो हुकूम उरला नाहीं. ओझें आधीं मालकाच्या डोक्यावर ठेविलें, त्यास तें पेलेना, आणि शेवटीं तें मजुराच्या पायांवर पडलें.

सरकारनें स्वतः कांहींच दिलें नाहीं असें म्हणणें खोटेपणाचें होईल. अन्नसुरक्षेच्या शिधापत्रिकेवर माणशीं पांच किलो धान्य महिन्याला फुकट मिळालें. जनधन खातें असलेल्या स्त्रियांस तीन महिने पांचपांचशें रुपये मिळाले. आपल्या राज्यांत शिवभोजनाची थाळी दहा रुपयांची पांच रुपयांस झाली. या मदतीनें पुष्कळ घरें तरलीं. तथापि त्या वर्षीं महाराष्ट्रांत रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे महिन्याचे पांचशें रुपये दोन दिवसांच्या मजुरीहून किंचित अधिक. आणि ज्या चाकरमान्याचें नांव गांवच्या शिधापत्रिकेवर, त्याचें धान्य गांवीं घरच्यांच्या हातीं पडे. मुंबईच्या खोलींत अडकलेल्या त्याच्या पोटाचें काय?

आमच्या मतें उणीव केवळ रकमेंत नव्हती, समजुतींत होती. जें दिलें तें दान म्हणून दिलें गेलें. वस्तुतः तें देणें होतें. भात पिकूं लागला म्हणजे राखणीचा गडी माळ्यावर बसतो. तो नांगरीत नाहीं, कापीत नाहीं, नुसता बसतो; पण त्याच्या बसण्यानें पीक वांचतें, म्हणून त्याचा वांटा त्यास मिळतो आणि कोणी त्यास आळशी म्हणत नाहीं. साथींत घरीं बसणाराही असाच राखण्या होय. त्याच्या बसण्यानें दुसऱ्याची म्हातारी आई वांचली. हें जर काम असेल, तर त्याची मजुरी ज्यांचें रक्षण झालें त्या सर्वांनीं दिली पाहिजे. आणि सर्वांच्या वतीनें देणारा हात सरकारचा.

कोणी म्हणेल, एवढा पैसा कोठून यावा? हा आक्षेप पोकळ नाहीं. तिजोरी अथांग नसते, आणि बेसुमार कर्जानें महागाई वाढली तर ती गरिबासच आधीं चावते. म्हणूनच ज्याचें काम त्या हुकुमानें गेलें त्यास प्रथम द्यावें, आणि ज्याचा पगार घरीं बसून चालू राहिला त्यानें अधिक भार उचलावा. सरकारचें कर्ज अनेक वर्षांत, अनेक खांद्यांवर वांटतां येतें. लेंकराची महिन्याची भूक पुढच्या वर्षावर ढकलतां येत नाहीं.

आतां आपला वांटा. २०२० च्या उन्हाळ्यांत हजारों चाकरमानी जिल्ह्यांत परतले, आणि त्यांस चौदा दिवस वेगळें राहावें लागलें. गणपतीच्या सुमारास ही मुदत दहा दिवसांची झाली. जेथें दवाखाना दूर आणि घरोघरीं म्हातारीं माणसें, तेथील गांवकऱ्यांचें भय खोटें नव्हतें. परंतु ज्याच्या मनिऑर्डरीवर गांवानें वर्षानुवर्षें दिवस काढले, त्यास शाळेच्या खोलींत ठेवून पाणी, भाकरी व अंथरूण यांची चौकशी न करणें हा तोच अन्याय होय, जो आपण सरकारच्या पदरीं बांधतों. ज्या गांवांनीं बंदी केली आणि डबाही पोंचविला, त्यांनीं दोन्ही धर्म पाळले.

म्हणून उपदेशकांस व मंडळींच्या पंचांस आमची विनंती आहे कीं, आपल्या वस्तींत रोजच्या मजुरीवर जगणारीं घरें कोणतीं याची यादी आजच करून ठेवावी. सुगीच्या वेळीं घरटी पायलीभर भात बाजूस काढावें. आणि ग्रामसभेंत हा प्रश्न विचारण्यास भिऊं नये. पुढें केव्हांही, मग हुकूम दिल्लीचा असो कीं गांवाचा, कोणास घरीं बसविण्याचें ठरेल तेव्हां त्याच बैठकींत त्याच्या मजुरीचेंही ठरलें पाहिजे.