गाडी आपली, धूर कोणाचा?

नवी मोटारगाडी घेतली की काही दिवसांत ती गॅरेजमध्ये नेऊन तिचा सायलेन्सर बदलून घ्यावा, ही हौस आज पुष्कळ तरुणांमध्ये दिसते. कंपनीने बसवलेला पाइप काढून अधिक रुंद व मोकळा पाइप बसवला की इंजिनची ताकद वाढते, असे त्यांना सांगितले जाते. वडीलधाऱ्यांनी हटकले तर उत्तर तयार असते, “गाडी आमची, पैसे आमचे, यात दुसऱ्याचे काय गेले?” हा प्रश्न उद्धटपणाचा म्हणून झटकून टाकणे योग्य नाही. जे माझ्या मालकीचे आहे त्याबाबत बोलण्याचा अधिकार शेजाऱ्याला कोठून मिळतो, हा नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न त्यात आहे.

प्रथम न्यायाने हे मान्य केले पाहिजे की ताकद वाढण्याची गोष्ट निव्वळ थाप नाही. इंजिनच्या चार फेऱ्यांपैकी शेवटच्या फेरीत पिस्टन जळलेला वायू बाहेर ढकलतो. वाट अडचणीची असेल तर इंजिनची थोडी शक्ती त्या ढकलण्यातच खर्ची पडते. वाट मोकळी केली, निरनिराळ्या सिलिंडरांतून निघणाऱ्या नळ्यांची लांबी नीट जुळवली, तर एका सिलिंडरच्या वायूमागे निर्माण होणारी पोकळी दुसऱ्याचा वायू ओढून घेते. शर्यतीच्या गाड्यांत ही विद्या फार पुढे गेली आहे. परंतु पाइप प्रमाणाबाहेर रुंद केला तर वायूचा वेग मंदावतो आणि कमी वेगावर गाडीची ओढ उलट घटते. म्हणजे शहरातल्या गर्दीत, जेथे आपली गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालते, तेथे पुष्कळदा वाढतो तो केवळ आवाज.

आता त्या पाइपात काय असते ते पाहू. त्यात दोन पहारेकरी बसवलेले असतात. एक सायलेन्सर, तो स्फोटांचा आवाज आत जिरवतो. दुसरा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांच्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे त्यावरून जाताना त्यांचे बहुतांशी कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व साधा नायट्रोजन यांत रूपांतर होते. पाइप “मोकळा” करताना पुष्कळदा हे दोन्ही पहारेकरी काढून टाकले जातात.

हे पहारेकरी कारखानदाराच्या लहरीने आलेले नाहीत. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुके साचू लागले. हागन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते बनते. त्यानंतर १९७० चा कायदा झाला आणि १९७५ पासून तेथील बहुतेक नव्या मोटारींत हे यंत्र बसू लागले. आपल्या देशात १९९५ साली चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांपासून त्याची सुरुवात झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे कडक मान लागू झाले. म्हणजे त्या लहानशा डब्यात अनेक शहरांचा खोकला आणि अनेक वर्षांचे श्रम साठवलेले आहेत.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आठवे वचन येथे आठवते. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाही तर वरून कोणी पडल्यास त्याचा दोष घरावर येईल, असा तो नियम आहे. घर मालकाचे, गच्ची मालकाची, खर्चही मालकाचाच. तरी कठडा मात्र दुसऱ्यासाठी. मालकीवर येथे आक्षेप नाही. मालकीबरोबर येणारी जबाबदारी येथे सांगितली आहे. सायलेन्सर व कन्व्हर्टर हे आपल्या गाडीचे कठडे होत. ते काढल्याने मिळणारी शक्ती काही अंशी आपण निर्माण केलेली नसते. ती रस्त्याच्या कडेला भाजी विकणाऱ्या बाईच्या श्वासातून आणि शेजारच्या आजाऱ्याच्या झोपेतून, त्यांना न विचारता, घेतलेली असते.

यावर म्हणतात, “जुने ट्रक काळा धूर ओकत जातात, माझ्या एका गाडीने काय होणार?” दुसऱ्याच्या गच्चीला कठडा नाही म्हणून आपला पाडावा, असे कोणी म्हणत नाही. आणि “एक गाडी” हा हिशेबही फसवा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० साली अंदाज दिला की सुमारे दहा वर्षांत तेथील साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची धूर-नियंत्रक यंत्रे काढून टाकली गेली; हवेवरील परिणाम असा, की जणू आणखी ९० लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. त्या साडेपाच लाखांतील प्रत्येकाची गाडी एकच होती.

कायदा आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनमानी फेरफार करण्यास मनाई करते आणि १९० वे कलम धूर व आवाजाच्या मर्यादा मोडणाऱ्यास शिक्षा सांगते. परंतु कायद्याचा डोळा सर्वत्र पोहोचत नाही. तपासणीपुरता जुना पाइप बसवून नंतर पुन्हा नवा लावणारेही आहेत. २०१५ साली फोक्सवॅगन कंपनीचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा जगाला चीड आली. तपासणीच्या वेळीच धूर कमी करावा अशी युक्ती त्या कंपनीने जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत बसवली होती. कंपनीने केले ते लबाडी आणि आपण केले ती हौस, असे दोन तराजू आपण ठेवू शकत नाही.

तर मग इंजिनला हातच लावू नये काय? आमचे तसे म्हणणे नाही. यंत्र उघडून पाहावे, त्याचे मर्म जाणावे, ते अधिक चांगले चालवावे, ही जिज्ञासा चांगली आहे आणि ती जोपासणारा फिटर हा गुणी कारागीर आहे. गंजलेला पाइप बदलावा, गळती बंद करावी, एअर फिल्टर व प्लग स्वच्छ ठेवावेत. गेलेली ताकद यानेही बरीच परत येते. ज्याला वेगाचीच ओढ आहे त्याने शर्यतीच्या बंदिस्त मैदानावर, तेथील नियमांनी, ती भागवावी. प्रश्न फेरफार करावा की नाही हा नसून त्याची किंमत कोण देणार हा आहे. किंमत मी देत असेन तर ती माझी हौस. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्यावर ती पडत असेल, तर तो अन्याय.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी हा विषय मोठ्या मुलांपुढे अवश्य ठेवावा, पण निषेधाच्या सुरात नको. आधी त्यांच्याकडून इंजिनची माहिती ऐकून घ्यावी. ती त्यांना आपल्याहून अधिक असते. मग एवढेच विचारावे की गाडीच्या मागच्या टोकाशी, पाइपच्या तोंडासमोर, दिवसभर कोण उभे असते? चालकाच्या आसनावरून ती माणसे दिसत नाहीत. त्यांचा विचार करायला शिकणे, हेच या धड्याचे सार आहे.