रानातले दर्शन

रानात वाघ किंवा गवा दिसला, की मराठीत त्याचे 'दर्शन झाले' असे म्हणतात. शब्द देवळातला आहे. देवळात भक्त देवाला पाहतो, आणि देवाचीही नजर आपल्यावर पडावी अशी त्याची आस असते. रानातल्या जनावराला मात्र माणसाने आपल्याला पाहावे असे मुळीच वाटत नाही. अशा एकतर्फी पाहण्याला दर्शन म्हणावे का, हा प्रश्न दिसतो तितका शाब्दिक नाही.

इस्लामपूरहून पेठनाक्यावरून चांदोलीकडे निघाले की वाटेत बत्तीस शिराळा लागते. गोरक्षनाथ भिक्षेला आले तेव्हा महाजनांच्या घरची गृहिणी मातीच्या नागाची पूजा करत होती. जिवंत नाग पुजशील का, असे नाथांनी विचारले आणि नागपंचमीला जिवंत नाग पुजण्याची चाल पडली, अशी इथली आख्यायिका. नाग धरायचे, मडक्यात ठेवायचे, पूजा झाली की पुन्हा रानात सोडायचे. यातली भक्ती खोटी नव्हती. नाग पाहुणा मानला जाई; फक्त या पाहुण्याला आमंत्रण नाकारायची सोय नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे न्यायालयाने नाग पकडण्याला अटकाव केला आणि पूजा फिरून प्रतिमेपाशी आली.

चांदोलीत जनावर पकडणे नाही, नुसते पाहणे आहे. हे रान १९८५ साली अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, आणि २०१० पासून कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वाहनातून फिरायचे, हात लावायचा नाही, खायला घालायचे नाही. वरवर हा सांख्यांचा साक्षीभावच. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुष केवळ द्रष्टा आहे. प्रकृती नर्तकीसारखी आपले रूप दाखवते आणि निवृत्त होते. तिच्याइतके लाजाळू दुसरे काही नाही, असेही कारिका म्हणते. चांदोलीला जाऊन आलेल्याला हे समजवावे लागत नाही. सड्यावर गवे दिसतात, झाडीत भेकर भुंकते, उंचावर शेकरूचे घरटे असते. वाघ बहुधा दिसतच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये या प्रकल्पात वाघाची नोंद झाली तीही स्वयंचलित कॅमेऱ्याने केली.

पण सांख्यांचा पुरुष उदासीन असतो, गाडीतला माणूस नसतो. त्याला वाघ हवा असतो. इंजिनाची घरघर आणि डिझेलचा वास त्याच्या आधी पाणवठ्यावर पोचतात, आणि तहानलेले जनावर झाडीतच थांबते. आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते: ही शांतता मुळातली नाही. चांदोलीचे धरण आणि अभयारण्य यांपायी इथली गावे उठली, माणसे शेत-घर सोडून दूर वसली. आजच्या प्रवाशाच्या निर्लेप नजरेसाठी त्यांनी किंमत मोजली आहे. अहिंसेचा विचार फक्त जनावरापुरता केला, तर हा हिशेब अपुराच राहतो.

दर्शनाचे प्रकार वारकऱ्यांना चांगले ठाऊक आहेत. पंढरपुरात पदस्पर्शदर्शन असते, मुखदर्शन असते. आणि गर्दीत राऊळापर्यंत पोचता आले नाही, तर कळसाला हात जोडूनही वारी पुरी होते. शिराळ्याची जुनी चाल पदस्पर्शाची होती, वाहनातली सफर मुखदर्शनाची आहे. कळसदर्शनही रानात आहेच. ओल्या मातीत उमटलेला पंजा, खोडावरचे ओरखडे, वाळलेली विष्ठा. ते पाहणाऱ्याला वाघ भेटत नाही, पण वाघ तिथून गेल्याचे कळते. आणि वाघाला तर कुणी आल्याचा पत्ताही नसतो.