डोंगरातल्या एका रात्रीचे चार डॉलर

डीप क्रीकच्या काठाकाठानं काही तास वर चढत गेलं की ब्रायसन प्लेस नावाची मुक्कामाची जागा लागते. जवळच झाडीत जुन्या पाणचक्कीच्या जात्याचा एक गोल दगड रोवलेला आहे. होरेस केफार्ट या लेखकाचा शेवटचा कायमचा तळ इथं होता, अशी नोंद त्यावर आहे. मी तिथं पहिल्यांदा गेलो तो 2009 चा ऑक्टोबर होता. खाली पायवाट सुरू होते तिथं कागद ठेवलेले होते. नाव, माणसं किती, रात्री किती, मुक्कामाच्या जागेचा क्रमांक 57, एवढं लिहायचं; एक भाग पेटीत टाकायचा आणि दुसरा सॅकला अडकवायचा. संध्याकाळी जेवणाची पिशवी तारेच्या कप्पीवरून उंच ओढून घेतली, म्हणजे अस्वलांचा हात पोचू नये, आणि रात्रभर ओढ्याचा आवाज ऐकत पडून राहिलो. सह्याद्रीत गडावरच्या देवळात नाहीतर गुहेत पथारी टाकून झोपलेल्या माणसाला ती रात्र परकी वाटली नाही. त्या रात्रीचं शुल्क शून्य होतं.

टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवरचं ग्रेट स्मोकी माउंटन्स हे अमेरिकेतलं सर्वांत गर्दीचं राष्ट्रीय उद्यान. 2021 साली तिथं 1 कोटी 40 लाखांहून जास्त भेटी नोंदल्या गेल्या. यातले बहुतेक लोक गाडीतून येतात, न्यूफाउंड गॅपच्या घाटावर थांबतात, फोटो काढतात आणि खाली उतरतात. गाडीरस्ता सोडून, पाठीवर घर घेऊन आत जाणारे मूठभरच. आतल्या या रानाला तिकडं 'बॅककंट्री' म्हणतात. आठशे मैलांहून जास्त पायवाटा, शंभरेक मुक्कामाच्या जागा, रिजवर काही दगडी निवारे. दिवा नाही, नळ नाही, बहुतेक ठिकाणी संडासही नाही.

2011 च्या उन्हाळ्यात उद्यानाच्या प्रशासनानं या आतल्या मुक्कामावर शुल्क लावण्याचा प्रस्ताव मांडला आणि लोकांची मतं मागवली. आपल्याकडच्या भाषेत, हरकती व सूचना मागवल्या. हरकतींचा अक्षरशः ढीग पडला. पायी भटकणारे, घोडेस्वार, मुलाला सोबत घेऊन पहिल्यांदा तंबूत झोपलेले बाप, सगळ्यांनी लिहिलं, आणि विरोधाचं पारडं पाठिंब्याहून कितीतरी जड होतं. आसपासच्या काही काउंट्यांच्या लोकप्रतिनिधींनीही पुढं विरोधाचे ठराव केले. तरीही 2012 मध्ये शुल्क मंजूर झालं आणि फेब्रुवारी 2013 पासून माणशी, दर रात्री चार डॉलर आकारायला सुरुवात झाली.

चार डॉलर म्हणजे एका कॉफीचे पैसे, त्यावरून एवढा गदारोळ कशाला, असं तेव्हा माझ्या ओळखीतल्या अनेकांनी विचारलं. पाठीवरची सॅक दोनशे डॉलरची आणि बूट दीडशेचे, मग चार डॉलरनं काय बिघडतं? हा प्रश्न मला तेव्हाही चुकीचा वाटला आणि आजही वाटतो. रकमेवर चर्चा आणली की तत्त्वावरची चर्चा आपोआप मिटते. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा असा होता की, हे रान आमचं आहे आणि आपल्याच रानात जमिनीवर पाठ टेकायला परवानगीबरोबर भाडं का द्यायचं?

'आमचं' हा शब्द तिथं कसा जन्माला आला, ते पाहिल्याशिवाय हा राग कळणार नाही. यलोस्टोनसारखी उद्यानं सरकारच्या ताब्यातल्या जमिनीवर झाली. स्मोकीमध्ये सरकारची जमीनच नव्हती. लाकूड कंपन्यांची होती आणि शेकडो लहान शेतकऱ्यांची होती. 1920 च्या दशकात दोन्ही राज्यांनी पैसे घातले, गावोगाव वर्गणी झाली, शाळेतल्या मुलांनी पेनी गोळा केल्या, आणि जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी आईच्या स्मरणार्थ 50 लाख डॉलर दिले. केफार्टनं त्यासाठी लेखणी झिजवली. त्याचा मित्र जॉर्ज मासा हा जपानहून आलेला छायाचित्रकार. सायकलच्या चाकाला मोजणीचं यंत्र लावून ते चाक ढकलत त्यानं या डोंगरातल्या वाटा मोजल्या. केफार्ट 1931 मध्ये मोटार अपघातात गेला, मासा 1933 मध्ये कफल्लक अवस्थेत वारला, आणि 1934 मध्ये उद्यान झालं. परदेशातून आलेल्या माणसानं परक्या डोंगरावर इतका जीव लावावा, हे माझ्यासारख्याला फार जवळचं वाटतं.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यासाठी ही कथा एवढी सुंदर नाही. शेकडो कुटुंबांना घर, शेत, चर्च आणि दफनभूमी सोडून उतरावं लागलं. लिटल ग्रीनब्रायरमधल्या वॉकर बहिणींनी हयातीपुरता राहण्याचा हक्क मिळवला, आणि त्यांच्यातली शेवटची 1964 साली जाईपर्यंत त्या लाकडी घरात कुणी ना कुणी वॉकर राहत होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फोंटाना धरण झालं तेव्हा उत्तर काठावरचा रस्ता पाण्याखाली गेला. नवा रस्ता बांधून देण्याचं वचन सरकारनं दिलं आणि ते पाळलं नाही. अर्धवट सोडलेल्या त्या रस्त्याचा बोगदा अजून तिथं आहे. 2010 मध्ये स्वेन काउंटीला रस्त्याऐवजी 5 कोटी 20 लाख डॉलर देण्याचा करार झाला. आजही पूर्वजांच्या थडग्यांवर फुलं वाहायला त्या घरांची नातवंडं होडीनं तलाव ओलांडून जातात. ज्या माणसाच्या आजोबाचा गोठा आज मुक्कामाची जागा म्हणून नकाशावर आहे, त्याला तिथं झोपण्यासाठी पावती फाडायला सांगणं ही नुसती प्रशासकीय बाब उरत नाही.

इथं एक गोष्ट मनापासून मान्य करायला हवी. 'हे रान आमचं' म्हणणाऱ्यांच्याही आधी तिथं चेरोकी होते. 1838 मध्ये सैन्य लावून त्यांच्यातल्या बहुतेकांना हाकलून दिलं गेलं. जे डोंगरात राहिले त्यांचे वंशज आज उद्यानाला लागूनच क्वाला बाउंड्रीत राहतात. म्हणून मालकीचा दावा मी फार छाती ठोकून करणार नाही. माझा दावा साधा आहे. जी जमीन इतक्या लोकांच्या त्यागातून आणि वर्गणीतून सार्वजनिक झाली, तिच्यावर जाण्याचा हक्क ग्राहकाचा असू नये, नागरिकाचा असावा.

शुल्क लावणाऱ्यांकडेही कारणं होती. या उद्यानात प्रवेश शुल्क घेता येत नाही, हे पहिलं. 1951 मध्ये टेनेसीनं न्यूफाउंड गॅप रस्ता केंद्र सरकारला दिला तेव्हा त्यावर कधीही टोल लावायचा नाही, अशी अट दस्तात घातली. ग्रँड कॅन्यन किंवा यलोस्टोन दरवाजावर जे पैसे घेतात ते इथं घेता येत नाहीत. आणि दर वर्षी संसद जेवढं देते तेवढ्यात भागत नाही. मुक्कामांच्या जागी गर्दी होते, लोक आरक्षण करून येत नाहीत, फोनवर आरक्षण घेणारं कार्यालय अपुरं पडतं, आत गस्त घालायला रेंजर नाहीत, असं प्रशासनाचं म्हणणं होतं. फोनचा मुद्दा खरा होता. मीही तासन् तास तो नंबर फिरवला आहे. संकेतस्थळावरचं आरक्षण सोयीचं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण सोय हा शुल्काचा आधार होऊ शकतो का? कायद्यात याचं उत्तर शोधायला गेलो तर खूप गुंतागुंत सापडते. 1996 मध्ये संसदेनं प्रयोग म्हणून सार्वजनिक जमिनींवर शुल्क घ्यायला परवानगी दिली. 2004 च्या कायद्यानं ती पुढं चालू ठेवली. गोळा झालेल्या पैशांपैकी साधारण 80 टक्के त्याच उद्यानात राहतात. यातच मला सर्वांत मोठा धोका दिसतो. ज्या अधिकाऱ्याच्या कामाचे पैसे पर्यटकांकडून येतात, त्याला पर्यटकांकडे उत्पन्नाचं साधन म्हणून पाहण्याची सवय लागते. तो माणूस वाईट नसतो. व्यवस्था त्याला तिकडं ढकलते. आणि संसदेला सांगता येतं की तुमचं तुम्ही भागवा.

त्याच 2004 च्या कायद्यात लोकांच्या बाजूनं एक कलमही आहे. वन विभागासारख्या काही संस्थांच्या जमिनीवर सुविधा न वापरता नुसतं चालत जाणाऱ्याकडून शुल्क घेऊ नये, असं ते सांगतं. ॲरिझोनातल्या माउंट लेमनच्या खटल्यात 2012 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं वन विभागाला तेच ऐकवलं: गाडी लावून चालत डोंगरात गेलेल्या माणसाकडून तेवढ्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क सर्व्हिसनं स्मोकीमध्ये शुल्काचा आधार आरक्षणाच्या सेवेवर ठेवला. म्हणजे जमिनीवर झोपण्याचे पैसे नाहीत, त्या झोपेची नोंद करण्याचे आहेत. शब्दांत हा फरक दिसतो. रात्री झोपणाऱ्याला तो जाणवत नाही, कारण नोंद केल्याशिवाय झोपता येत नाही.

सदर्न फॉरेस्ट वॉच या स्थानिक गटानं न्यायालयात आव्हान दिलं. 2015 मध्ये जिल्हा न्यायालयात आणि 2016 मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयात ते हरले. कायद्यानं लोकांना कळवायला आणि त्यांचं ऐकायला सांगितलं आहे. ते पार्क सर्व्हिसनं केलं, असा निष्कर्ष निघाला. ऐकणं आणि मानणं यातली ही दरी आपल्याला परिचयाची आहे. धरण असो की खाण, जनसुनावणी होते, माणसं पोटतिडकीनं बोलतात, इतिवृत्तात ते सगळं नोंदलं जातं आणि निर्णय आधी ठरला होता तोच राहतो. अमेरिकेत अर्ज भरणं सोपं असतं, उत्तर सभ्य भाषेत येतं, एवढाच फरक मला जाणवला.

लोकांचं म्हणणं केव्हा मानलं जातं, हे एका उदाहरणानं स्पष्ट होईल. 2017 मध्ये यलोस्टोन, ग्रँड कॅन्यनसह 17 मोठ्या उद्यानांचं गर्दीच्या मोसमातलं प्रवेश शुल्क एका गाडीमागे 70 डॉलर करण्याचा प्रस्ताव आला. एक लाखाहून अधिक लोकांनी मतं पाठवली, बहुतेक विरोधातच. 2018 मध्ये सरकारनं तो प्रस्ताव मागं घेतला आणि माफक वाढीवर भागवलं. तिथं गाडीतून येणारं सगळं राष्ट्र दुखावलं जाणार होतं. स्मोकीमध्ये दुखावली जाणारी माणसं थोडी होती, पायी चालणारी होती. लोकांचं मत त्यातल्या डोक्यांची मोजदाद करून मानायचं की नाही हे ठरत असेल, तर थोड्यांनी हरकत नोंदवायची तरी कशासाठी?

आणि न्यायाच्या दृष्टीनं माझी सर्वांत मोठी तक्रार इथंच आहे. उद्यानावर भार कोण टाकतं? डांबरी रस्ते, वाहनतळ, संडास, कचरा, अपघात, यावरचा खर्च गाड्यांमुळे होतो. आतल्या रानात माणूस आपला कचरा आपल्या पाठीवर घेऊन परततो. त्याच्या वाटा तरी कोण सांभाळतं? अपालाचियन ट्रेलचा या उद्यानातून जाणारा 71 मैलांचा भाग सांभाळण्यात 1924 साली स्थापन झालेल्या स्मोकी माउंटन्स हायकिंग क्लबचे स्वयंसेवक पिढ्यान् पिढ्या राबत आले आहेत. पडलेली झाडं करवतीनं कापायची, पाण्याचे चर खणायचे, निवारे झाडायचे. सगळं बिनपैशाचं. त्या वाटेवर रात्र काढणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात झाली, आणि ज्यांच्यामुळे वाहनतळ ओसंडत होते त्यांच्याकडून पुढची दहा वर्षं एक सेंटही घेतला गेला नाही. जो सर्वांत कमी घेतो त्याला आधी बिल, हा क्रम मला अन्यायाचाच वाटतो.

गाड्यांवर शुल्क लावता येत नव्हतं, असंही नाही. मार्च 2023 पासून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी थांबवायची तर पार्किंगचा टॅग घ्यावा लागतो: दिवसाचे 5, आठवड्याचे 15, वर्षाचे 40 डॉलर. रस्त्यावरून जाणं मोफतच राहिलं, दस्तातली अट पाळली गेली आणि पैसा आला. हा मार्ग दहा वर्षं आधीच दिसू शकला असता. मी त्या टॅगला मनापासून पाठिंबा देतो, कारण तो भार टाकणाऱ्याकडून घेतला जातो. वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. टॅग आला म्हणून आतल्या मुक्कामाचं शुल्क रद्द झालं नाही; त्याच दिवसापासून ते दुप्पट झालं. माणशी दर रात्री आठ डॉलर. चार मित्र तीन रात्री आत गेले तर 96 डॉलर, आणि गाडीचा टॅग वेगळा. चार डॉलरनं काय बिघडतं असं विचारणाऱ्यांना विरोधकांनी तेव्हाच सांगितलं होतं की शुल्क एकदा लागलं की वाढतच जातं.

याला उत्तर एकच आहे आणि ते जुनं आहे: सार्वजनिक जमीन करातून सांभाळायची. 2020 मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून उद्यानांच्या रखडलेल्या दुरुस्त्यांसाठी पाच वर्षांत अब्जावधी डॉलर देणारा कायदा केला, तेव्हा ते अशक्य नाही हे दिसलं. जिथं भागतच नाही, तिथं गाडीवर घ्या, हॉटेलवर घ्या. आतल्या रानात तंबू ठोकणाऱ्याकडून त्याचं नाव घ्या, कुठं आहे ते विचारा, अस्वलांची सूचना द्या आणि जाऊ द्या.

दोन वर्षांपूर्वी मी पुन्हा डीप क्रीकला गेलो. पेटी नव्हती, परवाना घरीच छापून आणला होता. तारेची कप्पी तशीच, ओढा तसाच. केफार्टचा दगड बघायला आजही काही पडत नाही. त्याच्याजवळ एक रात्र काढायची असेल तर 2023 पासून माणशी आठ डॉलर पडतात.